छाटणीआधीची सुट्टी : माझा अनुभव

तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांना लांब जायचं तर सप्टेंबरच. एप्रिलात खरड छाटणी, मग काडीची कामं, आणि आमच्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी झाली की बेदाणा विकेपर्यंत घरातलं कुणी बाग सोडत नाही. त्यामुळे दोघांनीच परदेशी जायचं ठरल्यावर महिन्याचा प्रश्नच नव्हता. गाव मी निवडलं : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस.

त्याआधी सांगलीत टूरवाल्यांकडे बसून आलो होतो. त्यांच्या सहलीत पहाटे बॅगा खोलीबाहेर आणि रात्री मुक्काम दुसऱ्याच देशात. हे म्हणाले, "पहाटे उठून पळायचंच असलं तर इथं फवारणी काय वाईट आहे?" मग एकच गाव, एकच खोली, दोन आठवड्यांच्या आसपास मुक्काम असं ठरवलं. व्हिसालाही हे सोयीचं पडलं. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, जास्त मुक्काम ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. पाच देश फिरणारे तिथेच अडखळतात. आमचं एक बुकिंग आणि विषय संपला.

खरी कसरत उत्पन्न दाखवायची. नोकरदार पगाराच्या स्लिपा जोडतो. शेतकऱ्याचं उत्पन्न करमुक्त, रिटर्नमध्ये ते तसंच दिसतं, आणि परक्या अधिकाऱ्याला त्यातून काय कळणार? म्हणून सातबारा, आठ-अ आणि बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, काढल्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याच पट्ट्यांचे पैसे कुठे जमा झालेत तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहिलं की ऑक्टोबरात छाटणी आहे, मजुरांची टोळी ठरलेली आहे, तेव्हा परत यावंच लागणार. ते पत्र लिहिताना यांना हसू आवरेना, पण माझ्या मते सगळ्या फाईलमध्ये वजनाचा कागद तोच होता.

बाकीचं ठरीव आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. फी माणशी 90 युरो, व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात, म्हणून आम्ही जूनमध्येच पुण्याच्या व्हिसा-केंद्रावर गेलो. तिथे यांच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. छाटणीची कात्री आणि बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात आयुष्य गेलेली बोटं ती! तिथल्या मुलीने ओल्या कपड्याने एकेक बोट पुसून, दाबून ठसे घेतले.

खाऊचं एक लक्षात ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरी राहिलं. भडंग मात्र बिनधास्त गेलं.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गुळगुळीत गोट्यांचा आहे. अनवाणी चालणं अवघड, रबरी चपला न्याव्यात. आम्ही बहुतेक वेळ वर प्रोमनाद देझांग्ले या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरच्या निळ्या खुर्च्यांवर बसून असायचो. समोर निळं पाणी, लख्ख ऊन, आणि घरून फोन आला की तिकडे पावसाची झड. दुपारी बाराच्या ठोक्याला टेकडीवरून तोफेचा बार होतो, रोज. पहिल्या दिवशी हे ताडकन उठले. नंतर बार झाला की जेवायला उठायचं असा नेमच झाला.

शाकाहाऱ्यांनी 'सालाद निस्वाज' नावाला भुलू नये, त्यात मासा असतो. सोक्का मागावा : हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. कडेला करपलेलं, मध्ये मऊ असं जाडसर धिरडंच. सोबत भडंग घेतलं की आमचं जेवण झालं.

मांतोंला रेल्वेने एकदा जाऊन आलो, लिंबांचं गाव आहे, छान आहे. मोनाको वाटेत लागलं, उतरलो नाही.

यांचा जीव रमला तो बेलेच्या टेकड्यांवर. नीस शहराच्या हद्दीतच वाईनच्या द्राक्षांचे मळे आहेत, त्या वाईनला 1941 पासून स्वतःचं मानांकन आहे. तोडणीचा हंगाम होता. डोंगरउतारावर बांध घालून लावलेल्या ओळी, जमीन सगळी गोट्यांची. मांडव नाही, वेली कमरेइतक्या, घड मुठीएवढे. आमच्या तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षांच्या घडापुढे पोरगेलेच. यांनी माती हातात घेऊन चोळली, पानाची खालची बाजू उलटून पाहिली आणि तिथल्या बाईंना खुणेनेच विचारलं, भुरी (वेलीवरचा पांढऱ्या बुरशीचा रोग) येते का? त्यांनी पान हातात घेतलं, त्यावर बोट फिरवून पांढरी पावडर झटकल्यासारखं केलं आणि कपाळाला हात लावला. पुढचा तासभर दोघांची दुभाष्याशिवाय चर्चा चालली होती, आणि मी बांधावर बसून उरलेलं भडंग संपवलं.