नांदूर मध्यमेश्वर: आधी पाण्याची चौकशी, मग गाडीला चावी

जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. नाशिकपासून साधारण 40 किलोमीटर, निफाडहून 12. उजाडायच्या आत अभयारण्याकाठच्या चापडगावला पोहोचा, असं सगळे सांगतात. पोहोचा, पण लगेच काही दिसेल ही आशा नको. थंडीत गोदाकाठचं धुकं सहजी हटत नाही. तोवर वारकरी (कूट) पक्ष्यांचा आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट नुसता ऐकायचा.

धुकं विरलं आणि समोर थापटे, तलवार बदकं, चक्रवाक अशी बदकं. लांब पायांचे शेकाटे चिखलात. मग मार्श हॅरियर, म्हणजे आपला दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, पाणगवतावर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालत आला आणि सगळा थवा एकदम उठला. बदकं उडताना ओळखायचा सराव करायचा तर त्यासारखा शिक्षक नाही.

इथे काय दिसणार हे तारखेपेक्षा पाणी ठरवतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा ब्रिटिशांच्या काळातला. गाळ साचून जलाशय उथळ झाला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी ती पक्ष्यांची चैन. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. पण कालवे आजही इथूनच निघतात. वरच्या धरणांतून पाणी आलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतारी, शराटी, चमचे हे पक्षी दुसरीकडे सरकतात. पातळी उतरली की परत येतात. म्हणून निघण्याआधी आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याची पाळी, सुरू आहे का, हे स्थानिक गाइडला फोन करून विचारा.

गाइड घ्याच. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण जवळच्या पक्ष्यांना पुरते, पण पट्टकादंब हे हंस बहुतेक वेळा लांबच्या बेटावर बसतात. तिथे स्टँडवरचा स्कोपच (जास्त ताकदीची दुर्बीण) हवा, आणि तो बऱ्याच गाइडांकडे असतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र इथे लहरी पाहुणा. खास त्याच्यासाठीच यायचं असेल तर सरळ उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला जा.

कपडे मातकट रंगाचे, ड्रोन घरी. पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर हळू बोला. त्या दिवशी एका मोठ्या ग्रुपच्या सेल्फीपायी कवड्या धीवर (खंड्याचा काळा-पांढरा भाऊबंद) दोनदा उडाला. उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटो फसतात. मधला वेळ काठच्या बाभळी आणि शेताच्या बांधांवर घालवा, वेडे राघू नि खाटीक पक्षी तिथे हमखास. संध्याकाळी थांबणार असाल तर अंधार पडायच्या आत गाडीत बसा. निफाड तालुक्यात उसातून बिबट्या फिरतो, आणि परतीची वाट उसातूनच जाते.