निनावी सर्वेक्षण मी का घेत नाही

चाकण-तळेगाव पट्ट्यातील मनुष्यबळ अधिकारी एकत्र जमले आणि चहा आला, की कोणीतरी हटकून विचारते, "मॅडम, तुमच्याकडे एंगेजमेंट सर्व्हे खरंच होत नाही?" हा सर्व्हे म्हणजे कर्मचाऱ्यांना काम आणि कंपनी यांबद्दल काय वाटते, हे नाव न घेता प्रश्नावलीतून विचारणे. आजवर मी "आमची युनियन सक्रिय आहे, गरज पडत नाही" असे सांगून वेळ मारून नेली. गेल्या आठवड्यात तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सर्वेक्षणाचे फायदे कृपया मला समजावून सांगू नका; मी ते वर्षानुवर्षे नव्या मुलांना शिकवले आहेत. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांतील औषधांच्या चुकांवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या चमूंत वातावरण चांगले होते तेथेच चुका अधिक नोंदल्या गेलेल्या आढळल्या, आणि तेथील माणसे चूक झाल्यावर ती बोलून दाखवायला कचरत नसावीत, असा त्याचा अर्थ पुढे लागला. हे उदाहरण मला तोंडपाठ आहे. ज्या वर्षी मी ते सर्वांत उत्साहाने सांगत होते, त्याच वर्षी माझ्या हातून पुढचा प्रकार घडला.

मी तेव्हा वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यात होते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला उभी राहून मी सांगितले होते, "नाव लागत नाही, मनातलं लिहा." अर्जावर विभाग, पाळी आणि सेवेची वर्षे एवढेच विचारले होते आणि शेवटी एक मोकळा चौकोन होता. ४१२ अर्ज परत आले. चौकोनात बहुतेकांनी कँटीनच्या पोळ्या आणि बसच्या वेळा यांवर लिहिले होते. एका अर्जात मात्र अशी ओळ होती: "महिनाअखेरीला रात्री प्रेसचा लाइट कर्टन बायपास करायला लावतात. कोणाचा तरी हात जाईल." लाइट कर्टन म्हणजे प्रेससमोरचा किरणांचा पडदा; त्यात हात आला की यंत्र थांबते. तो बंद ठेवला की नग अधिक निघतात आणि बोटांची हमी उरत नाही.

प्लांट हेडनी मला बोलावून सांगितले, "मला नाव नको आहे, फक्त पूर्ण शीट पाठवा." पाचांहून लहान गटाचे आकडे वेगळे दाखवायचे नाहीत, हा या कामातला प्राथमिक नियम मला ठाऊक होता. तरीही मी शीट पाठवली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ती भिंतीवरच्या पडद्यावर उघडली गेली. साहेबांनी आधी मेंटेनन्स निवडले, मग रात्रपाळी, मग पंधरा वर्षांहून अधिक सेवा. प्रत्येक निवडीबरोबर ओळी गळत गेल्या आणि खाली डाव्या कोपऱ्यात आकडा उमटला: ४१२ पैकी १. खोलीत कोणीही नाव उच्चारले नाही. साहेबांनी पुढचा विषय घेतला, तो डिस्पॅचचा होता, आणि मीही वहीचे पान उलटले.

तीन आठवड्यांनी त्या फिटरची स्टोअरला बदली झाली. सारा शॉप फ्लोअर त्यांना मामा म्हणत असे. पत्रावर कारण 'प्रशासकीय' होते आणि सही माझी होती. मामांनी ते उभ्याउभ्याच दोनदा वाचले, घडी करून शर्टच्या खिशात ठेवले आणि विचारले, "स्टोअरला ओव्हरटाइम नसतो ना, मॅडम?" मी म्हणाले, "बघते." बघण्यासारखे काही नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मी नाव सांगितले नव्हते. हे वाक्य मी स्वतःला कित्येक महिने ऐकवले, आणि ते आजही अक्षरशः खरे आहे. नियम मोडताना मी घाईत होते असेही नाही. नकार दिला तर साहेबांचा माझ्यावरचा विश्वास उडेल, याची मला भीती वाटली. कर्मचाऱ्यांचा विश्वास हा माझ्या त्या वर्षीच्या उद्दिष्टपत्रकातला पहिला मुद्दा होता. पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणात विश्वासाचे गुण वाढले आणि त्याबद्दल माझे कौतुक झाले. मोकळा चौकोन बहुतेक अर्जांत कोरा होता.

तुम्ही म्हणाल, मग चूक तुमची, सर्वेक्षणाची काय? हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही: त्या ओळीनंतर बायपासची किल्ली सुपरवायझरकडून काढून सेफ्टी ऑफिसरकडे देण्यात आली. म्हणजे त्या अर्जाने कदाचित एखादा हात वाचवला असेल.

आताच्या कारखान्यात मी पंधरवड्यातून एकदा रात्री दोन वाजता कँटीनमध्ये जाऊन बसते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या, तेव्हा माणसे आपल्याच विषयांवर बोलत राहिल्यामुळे ठरावीक प्रश्नावली बाजूला ठेवावी लागली; माझी पद्धत त्याच वळणाची आहे, असे मी अभिमानाने सांगत असते. मग ती जुनी मी आडवी येते आणि विचारते, की पगारवाढीच्या कागदावर जिची सही असते तिच्यासमोर चहा पिताना "बायपास करायला लावतात" असे कोण म्हणणार आहे? सहा वर्षांत मला तसे कोणीही म्हणालेले नाही. येथे तसे घडतच नसेल, असे मी धरून चालते.

गेल्या महिन्यात कँटीनमधून परतताना मी तीन नंबरच्या प्रेसपाशी थांबले. बायपासच्या कुलपाभोवतीचा पिवळा रंग खरवडलेला होता आणि खालचा पत्रा चकाकत होता. मी ऑपरेटरला विचारले. "आधीपासूनच तसं आहे, मॅडम," तो म्हणाला आणि पुढचा पत्रा उचलायला वळला.