तख्तावर ताशी २०६

परवा भर दुपारी कूलरसमोर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी कोर्ट भरलं होतं. वादी माझा नातू, पुण्याहून सुटीला आलेला. प्रतिवादी शेजारचा पोरगा. खटला एकच, कोणाची गाडी जास्त पळते. जज्ज मी, कारण जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि त्या वेळी घरात दुसरं कोणी जागं नव्हतं.

नातवाकडे स्लॉट कारचा सेट आहे. ट्रॅकला खोबण, खोबणीच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांतून गाडीला वीज मिळते आणि हातातला ट्रिगर दाबावा तशी ती पळते. त्याच्या गाड्या १:३२ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या. शेजाऱ्याचा सेट त्याहून लहान, १:६४चा. ट्रॅक मांडला होता माझ्या सासऱ्यांच्या बैठकीच्या लाकडी तख्तावर.

"आजी, माझी तीनशेने जाते."

"कशावरून?"

"दिसतंय की!"

दिसण्यावर निकाल देत नाहीत. आधी ट्रॅक मोजायचा. मी स्वेटरची उरलेली लोकर खोबणीत बसवली, काढून फितीला लावली, तर सहा मीटरच्या वर! लोकर ताणते हे इतकी वर्षं विणकाम करून माझ्या लक्षात येऊ नये, याला काय म्हणावं. मग सुतळी घेतली. ५ मीटर ६२ सेंटिमीटर. नातू ट्रॅकची बाहेरची कड मोजा म्हणून हटून बसला होता, तेवढाच आकडा वाढला असता. पण गाडी खोबणीतून जाते, तर खोबणच मोजायची. बाहेरची खोबण आतल्यापेक्षा लांब भरते, म्हणून ज्या खोबणीत पळवली तीच.

एका फेरीची वेळ घेऊ नये. फेरी तीन सेकंदांची आणि मोबाइलवर आपला अंगठा पाव सेकंद इकडेतिकडे होतो. दहा फेऱ्या घेतल्या की ती चूक दहांत वाटली जाते. दहा फेऱ्यांना लागले ३१.४ सेकंद. म्हणजे ५६.२ मीटर भागिले ३१.४, सेकंदाला १.७९ मीटर. त्याला ३.६ने गुणलं की ताशी ६.४ किलोमीटर. सकाळी फिरायला जाणारे आमचे हे जरा झपाझप चालले तर एवढेच चालतात. नातवाचा चेहरा पडला.

मग ३२ने गुणलं, ताशी २०६. चेहरा उजळला, पण लगेच प्रश्न आला, "गुणायचं का?" हा प्रश्न मला आवडला. वर्गात फारसं कोणी विचारत नसे. गाडीची लांबी १४ सेंटिमीटर. एका सेकंदात ती १७९ सेंटिमीटर जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पावणेतेरा पट. खरी गाडी साडेचार मीटरची धरली आणि तीही सेकंदाला आपल्या पावणेतेरा लांब्या गेली, तर तिचा वेग होतो साधारण तेवढाच, दोनशे सहा. डोळा मीटर मोजत नाही, गाडीच्या लांब्या मोजतो. म्हणून तख्तावरची गाडी सुसाट वाटते.

आता प्रतिवादी. त्याची गाडी सेकंदाला १.२ मीटर, ताशी ४.३. प्रत्यक्षात हळू. पण ६४ने गुणल्यावर २७६! "दादी, मैं जीत गया!" नातवाचं म्हणणं, ही बेइमानी आहे. खरं सांगायचं तर थोडी आहेच. गाडी जितकी लहान तितका गुणक मोठा, त्यामुळे वेगवेगळ्या मापांच्या गाड्यांची या आकड्यावर शर्यत लावू नये. निकाल राखून ठेवला.

तेवढ्यात नातवाची गाडी वळणावर उडाली आणि तख्तावरून खाली फरशीवर. तख्त ४५ सेंटिमीटर उंच. ३२ने गुणा, १४.४ मीटर, चार-पाच मजली इमारतीवरून पडल्यासारखं. पण खरी गाडी तेवढ्यावरून पडायला १.७ सेकंद घेईल, ही पडली ०.३ सेकंदात. फरक ३२ पट नाही, साडेपाच-पावणेसहा पट, म्हणजे ३२चं वर्गमूळ. पृथ्वीचं ओढणं काही बत्तीस पटीत लहान होत नाही, घोळ तिथेच आहे. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७०च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून पाहिल्या, तेव्हाही हाच हिशोब धरला होता. प्रतिकृती लांबीच्या पटीने नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या पटीने हळू ओढायची.

या वर्गमुळाने गुणलं तर नातवाची गाडी ताशी ३६. हे ऐकून तो रुसला. पण वळणाचं गणित याच आकड्याने जुळतं. ट्रॅकचं वळण २२ सेंटिमीटर त्रिज्येचं, खऱ्यात ७ मीटर, आमच्या गल्लीच्या तोंडाला असतं तसं. वळणावर गाडी सेकंदाला १.४ मीटरने जाते असं धरलं, तर तिला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या नऊदशांश होतो. तेच ३२च्या हिशोबाने गल्लीच्या तोंडाशी ताशी १६० धरलं, तर जोर होतो वजनाच्या २९ पट! फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर पाच-सहा पटींत मान आवळून बसतात.

मग आम्ही तिला मुद्दाम पुन्हा पाडलं आणि मोबाइलवर सावकाश करून पाहिलं. चौपट सावकाश केलं तर अजून जरा घाईतच पडते. आठपट केलं तर चंद्रावर पडावी तशी तरंगते. मधलं कुठलंतरी हवं होतं, ते या मोबाइलमध्ये नाही.

संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरमागे दोघांनी दोन रकाने आखले, एक सरळ मापाचा (३२ किंवा ६४), एक वर्गमुळाचा. शेजाऱ्याला दुसऱ्यात ताशी ३४ मिळाले, वर्गमूळ नेमकं आठ असल्यामुळे त्याचा गुणाकार आधी झाला. दुसऱ्या रकान्यात नातू दोनने पुढे निघाला, तेव्हा त्याचा रुसवा गेला.

आता नातवाचं नवीन टुमणं, जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार फिरवणारी ती चांदीची आगगाडी किती स्केलची? रविवारी न्यायचं कबूल केलंय. फीत पर्समध्ये टाकली आहे, पण तिथे लावू देतील असं वाटत नाही.