डब्लिनमधला एक दिवस: पेन्शन कापणाऱ्या मंत्र्याचं थिएटर

मुलीकडे डब्लिनला तीन आठवडे होतो, त्यातला एक अख्खा दिवस मी अर्नेस्ट ब्लाइथच्या नावाने काढला. घरच्यांनी वेड्यात काढलं, डब्लिनची प्रसिद्ध गिनेस बिअर सोडून हा कोण माणूस? तर हा १९२० च्या दशकातला आयर्लंडचा अर्थमंत्री, आणि पुढे १९४१ ते १९६७ तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा, अॅबी थिएटरचा, मॅनेजिंग डायरेक्टर. आपल्याकडे अर्थमंत्री नाट्यगृह चालवायला बसलाय असं डोळ्यासमोर आणा.

लुआस म्हणजे इथली ट्राम, तिच्या रेड लाइनने अॅबी स्ट्रीट स्टॉपला उतरा, थिएटर अगदी जवळ. लीप कार्ड (प्रवासाचं कार्ड) आधीच घ्या, ९० मिनिटांत बस-लुआस बदलली तरी भाडं एकदाच कापतं. बाहेरून बिल्डिंग बघून मी तर हिरमुसलो, एखाद्या सरकारी ऑफिससारखी. पण ही मूळची नव्हेच. १९०४ चं जुनं थिएटर जुलै १९५१ मध्ये आगीत गेलं, त्या संध्याकाळी नाटककार शॉन ओ'केसीचं नाटक लागलं होतं. गंमत म्हणजे तरुणपणी ब्लाइथला क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेत आणलं ते याच ओ'केसीने.

आता मुद्द्याचं. १९२४ मध्ये तिजोरीत खडखडाट, तेव्हा ब्लाइथने म्हाताऱ्यांच्या १० शिलिंग पेन्शनमधला १ शिलिंग कापला. लोक ते जन्मभर विसरले नाहीत. आणि पुढच्याच वर्षी याच माणसाने अॅबीला ८५० पौंडांचं सरकारी अनुदान दिलं! इंग्रजी बोलणाऱ्या देशांत सरकारी अनुदान मिळालेलं पहिलं थिएटर. म्हाताऱ्याचा शिलिंग कापून नाटकाला पैसे, यावर मी आणि जावई लंच होईपर्यंत भांडलो. मला पेन्शनकापणी अजूनही पटत नाही, पण अनुदान पटतं, काय करू.

तिथून नदी ओलांडून चालत पीअर्स स्ट्रीट. आगीनंतर अॅबीची नाटक कंपनी १५ वर्षं तिथल्या क्वीन्स थिएटरात होती, जागा मोठी, ती भरायची म्हणून हलकीफुलकी नाटकं महिनोन्महिने चालायची, आणि शिव्या खायला ब्लाइथ. मी अर्धा तास शोधत बसलो, तुम्ही बसू नका, क्वीन्स पाडलंय. त्याऐवजी ट्रिनिटी कॉलेजमधून किल्डेअर स्ट्रीटला जा, तिथे त्यांची संसद, टूर असते पण तारखा आधी बघा आणि आयडी जवळ ठेवा.

संध्याकाळी परत अॅबीत नाटक. प्रिव्ह्यूचे, म्हणजे उद्घाटनाच्या प्रयोगाआधीचे, शो स्वस्त पडतात. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, रेन जॅकेटच हवं. आणि हो, शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, वेगळा काढावा लागतो.

ब्लाइथवर दुसरा राग होता तो भाषेचा. अॅबीत नव्या नटाला आयरिश यायलाच पाहिजे हा त्याचा हट्ट, अभिनय नंतर, असं टीकाकार म्हणायचे. हा स्वतः उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट शेतकऱ्याचा मुलगा, आयरिश पक्की व्हावी म्हणून केरी परगण्यात एका शेतावर गडी म्हणून राबलेला.

परतताना लुआसमध्ये स्टॉपची नावं आयरिश आणि इंग्रजी दोन्हीत पुकारतात. नातवाला शाळेत आयरिश आहे, तो प्रत्येक आयरिश नाव मोठ्याने म्हणत होता आणि माझे उच्चार सुधारत होता. मला एकही नीट जमलं नाही.