वासोटा: शिवसागर वरून पाहायचा असेल तर

वासोटा किल्ल्यावर जायला शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, बोटीने ओलांडावा लागतो. बोटी सुटतात त्या बामणोलीला आम्ही आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचलो आणि तुम्हीही तेच करा असं आग्रहाने सांगेन. साताऱ्याहून कासमार्गे हा रस्ता चाळीसएक किलोमीटरचा आहे, पण घाटाचा. पुण्याहून पहाटे निघून थेट बोट गाठू म्हणाल, तर गडावर जेमतेम टेकायला वेळ मिळतो.

वासोट्याचा सगळा दिवस बोटीच्या हिशेबाने चालतो. बामणोलीहून पलीकडचा किनारा गाठायला तास-दीड तास, चढायला दोन-अडीच तास, उतरायला दीड. अंधाराआधी बामणोलीत परतायचं, म्हणजे तीनच्या सुमारास गड सोडायलाच हवा. म्हणून सकाळी पहिल्या बोटींत जागा धरा. भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे आठ-दहा जणांचा गट असला की परवडतं. दोघं-तिघंच असाल तर धक्क्यावर दुसऱ्या गटाशी बोलून बघा, शनिवार-रविवारी जमून जातं.

हा भाग कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वन विभागाची परवानगी लागते, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि पावसाळ्यात वाटच बंद असते. पलीकडच्या काठावर, गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलं की चौकीवर पिशव्या उघडायला लावतात. आमच्या पिशवीतली एकूण एक बाटली, बिस्किटाचा पुडा, अगदी शेंगदाण्याच्या चिक्कीचं वेष्टनसुद्धा मोजून वहीत लिहिलं गेलं. अनामत भरायची, परतताना तेवढंच प्लॅस्टिक दाखवून पैसे परत घ्यायचे. रांगेत वेळ जातो खरा, पण वाटेवर कचरा दिसत नाही तो याच शिस्तीमुळे. सगळ्या गडांवर हे व्हायला हवं. तुम्ही डबा आणि पाणी स्टीलच्या भांड्यांतच आणा, मोजणीही लवकर उरकते. माणशी तीन लिटर पाणी घ्या.

चढ साधारण पाचशे मीटरचा. दोर लावण्यासारखं कुठे काही नाही, पण दम काढतो. ओढा ओलांडून मारुती-गणपतीच्या मूर्तींपाशी पाया पडलं की दाट रान सुरू होतं. सावली इतकी की दहा वाजताही ऊन अंगावर येत नाही. वाटेवर मुळांच्या पायऱ्या झाल्यात आणि त्यांवर सुकलेल्या पानांचा थर, उतरताना पाय सरकतो तो इथेच. चांगल्या पकडीचे बूट हवेत, जमली तर काठीही. पुढे नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाची वाट फुटते, एका दिवसात दोन्हीची हाव धरू नका. गवे आणि अस्वलं याच रानातली, तेव्हा गटापासून सुटू नका आणि गाणी लावू नका.

माथ्यावर बिनछपराच्या मारुतीपाशी पोहोचलात की आधी बाबूकड्याकडे वळा. समोर जुना वासोटा, पायाखाली कोकणात तुटलेला कडा. त्या समोरच्या डोंगरावर तोफा चढवूनच इंग्रजांनी १८१८ मध्ये गड घेतला, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच पटतं. कठडा नाही, काठापासून मागेच थांबा.

काळकाईचं ठाणं ही गडाची माची मुद्दाम नंतरसाठी ठेवा. जलाशय गडाच्या पूर्वेला आहे, सकाळी सूर्य समोरून येतो आणि पाणी नुसतं पांढरट चकाकतं. बारानंतर ऊन पाठीशी येतं, मग शिवसागराचे फाटे डोंगरांच्या सोंडांमधून आत आत शिरलेले स्वच्छ निळे दिसतात. दुसरीकडे चकदेवचा डोंगर आणि रसाळ, सुमार, महिपत हे गड. डबा इथेच उघडा. आमचा अर्धा तास ठरला होता, पण तासभर कुणी हललं नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, बोट दूर थांबते आणि तापलेल्या उघड्या गाळातून चालत यावं लागतं. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. परतीची वेळ नावाड्याशी बोटीतून उतरण्याआधीच पक्की करा.