आमची वाटचाल: वाळूजच्या गाळ्यातली जहाजं

अण्णा पॅटर्न मेकर. फाउंड्रीत ओतीव कामासाठी जे लाकडी नमुने लागतात, ते करण्यात त्यांचा जन्म गेला. लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांची वेगळी मोजपट्टी असायची, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. वाळूज एमआयडीसीतला हा छोटा गाळा त्यांनीच उभा केला. मी त्यात लेथ आणि लेझर कटिंग आणलं, जॉबवर्क करत राहिलो. आज आम्ही रिमोटवर पाण्यात चालणारी जहाजांची मॉडेलं बांधतो, पण तेव्हा जहाज आमच्या डोक्यातही नव्हतं.

ते आलं एका खोक्यातून. जालन्याचे एक निवृत्त नौसैनिक काका कुणाच्या तरी ओळखीनं आले आणि टेबलावर प्लास्टिकचं किट ठेवलं. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन फ्लेचर वर्गातली विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीची युद्धनौका, १:१४४ प्रमाणात. या वर्गाच्या १७५ नौका बांधल्या गेल्या होत्या. काका म्हणाले, "माझे हात आता थरथरतात. तू जोड. पण कपाटात ठेवायला नको, रिमोटवर पाण्यात चालली पाहिजे."

मूळ नौका सुमारे ११५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. म्हणजे मॉडेल ८० सेंटिमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम ८.४ सेंटिमीटर. या चिंचोळ्या पोटात दोन मोटारी, पाण्यातले पंखे फिरवणारे दोन शाफ्ट, सुकाणू फिरवणारा सर्वो, वेग सांभाळणारे कंट्रोलर, रिसीव्हर आणि बॅटरी बसवायची होती.

शाफ्टचं काम आमच्या हातातलं होतं. पितळी नळीत दोन मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट, दोन्ही टोकांना बुश, मध्ये ठासून ग्रीस. पाणी आत येऊ न देण्याचं काम ते ग्रीसच करतं. मोटार आणि शाफ्ट एका रेषेत नसले तर घरघर सुरू होते आणि बॅटरी लवकर उतरते. ती रेषा साधायला आम्ही दोन दिवस घेतले. नंतर मला नकाशातल्या बारकाव्यांची भूलच पडली. कठड्यांच्या प्रत्येक खांबाला पितळी तार, पितळेची डोलकाठी, तोफांच्या नळ्या लेथवर काढलेल्या. रंगाचे पाच हात. कुणीही पाहावं आणि गप्प व्हावं, असं ते झालं होतं.

चाचणी घेतली पैठण तालुक्यातल्या एका मित्राच्या मोसंबीच्या बागेतल्या शेततळ्यात. जहाज सरळ सुंदर गेलं. मी पूर्ण वेगात सुकाणू वळवलं. वळताना जहाज बाहेरच्या बाजूला झुकतं, तसं ते झुकलं, आणि परत उठलंच नाही. आडवं झालं, पाणी घेतलं, गेलं तळाशी. काका काठावर उभे होते.

शेततळ्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, त्यात माणसं बुडतात. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ दोराला बांधून तासभर फिरवला, तेव्हा डोलकाठी अडकून जहाज वर आलं. काका एवढंच बोलले, "डोकं जड झालं होतं तिचं."

रात्री अण्णांनी ते काट्यावर ठेवलं. लाकडी नमुना तोलून ओतीव लोखंड किती भरेल हे सांगणारा तो माणूस. त्यांनी विचारलं, "खरं जहाज किती टनाचं?" मी म्हटलं, पूर्ण भारासह सुमारे २,५०० टन. ते म्हणाले, मग १४४ नं तीनदा भाग. उत्तर आलं सुमारे ८४० ग्रॅम. आमचं जहाज होतं १ किलो १२० ग्रॅम. लांबी १४४ पट कमी होते तेव्हा वजन १४४ गुणिले १४४ गुणिले १४४ पट कमी व्हावं लागतं. आम्ही २८० ग्रॅम जास्त घातले होते, त्यामुळे जहाज अर्धा सेंटिमीटर खोल बसत होतं. आणि त्यातलं बरंचसं वजन डेकच्या वर होतं. आमच्या धंद्याचा पाया त्या रात्रीचा हा भागाकार आहे, असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सोनाराकडे असतो तसा काटा आणला आणि वही घातली. तेव्हापासून प्रत्येक भाग लावण्याआधी तोलला जातो, वहीत लिहिला जातो, डेकच्या वरचे आणि खालचे असे दोन रकाने. डेकच्या वर पितळ जवळजवळ बंद. डोलकाठीला आता बारीक प्लास्टिकची नळी, कठड्यांना वेणीच्या केसासारखी तार. बॅटरी अगदी तळाशी. तोल साधायला लागणारे शिशाचे तुकडे सर्वांत शेवटी, जहाज पाण्यात ठेवूनच, एकेक ग्रॅम करत. मग बोटानं किंचित झुकवून सोडायचं आणि डोलणं बघायचं. झटकन उठलं तर बरं. रेंगाळत, आळसावल्यासारखं उठलं तर वरचं वजन अजून कमी करायचं.

काकांची नौका अशी पुन्हा बांधली. वरचा भाग उचलून काढता यावा म्हणून डेकच्या मोकळ्या तोंडाभोवती उंबऱ्यासारखी कड चढवली, म्हणजे डेकवर आलेलं पाणी पोटात जात नाही. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून फारशा जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार पाणरेषेच्या वर. सिग्नल तुटला तर मोटारी आपोआप थांबाव्यात अशी सोय. आणि रंगाचे फक्त दोन हात, तेही पहाटे सहाला. मे महिन्यात दुपारी फवारलं तर रंग हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो.

यानंतर पुणे, मुंबईहून किट येऊ लागली. काही अर्धी सोडलेली, काही कुणाच्या वडिलांनी घेऊन ठेवलेली. दुष्काळी भागात जहाजं कशी, असं लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आणि पैठण इथून तासाभरावर आहे. पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचा, ही वाट वीस दिवसांची, अशी नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. आमच्या जहाजांची प्लायची पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला जाते, एवढाच फरक.

२०१६ चा उन्हाळा मात्र मी विसरणार नाही. चाचणीसाठी आम्ही पत्र्याची टाकी केली होती, तिला साडेआठशे लिटर पाणी लागायचं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या एका पोराचं घर लातूरचं. त्याच्या देखत ती टाकी भरणं मला जमलं नाही. गाळ्यातलं कुणीच त्यावर बोललं नाही, पण टाकी रिकामीच राहिली. ऑर्डर तीन होत्या.

तेव्हा अण्णांनी पत्र्याची पन्हळ करायला लावली. एक मीटर लांब, चौदा सेंटिमीटर रुंद, जहाजाच्या अंगाला लागूनच. जहाज तरंगायला भोवती तळं लागत नाही, तळाखाली आणि बाजूंना पाण्याचा थर असला तरी पुरतं. दहा लिटरांत पाणरेषा तपासता आली, डोलणंही पाहता आलं. चाचणी झाली की तेच पाणी दारातल्या लिंबाला. चालवून पाहणं राहिलं, ते पाऊस पडेपर्यंत थांबेल, असं तिन्ही ग्राहकांना फोन करून सांगितलं. तिघेही थांबले. सप्टेंबरअखेर मराठवाड्यात धो-धो पाऊस झाला आणि त्या तिन्ही नौका एकाच दिवशी पाण्यात उतरवल्या. पहिली तपासणी आजही पन्हळीतच होते. टाकी आता सामान ठेवायला वापरतो.

आज आम्ही चौघं आहोत. कठडे आणि तारांचं काम बिडकीनची एक मुलगी करते, तिच्यासारखा हात माझा नाही. जॉबवर्क अजून चालू आहे, कारण जहाजांवर घर चालत नाही. एका नौकेला तीन-चार महिने जातात, आणि घाई असलेली ऑर्डर मी घेत नाही.

काकांच्या नौकेची दुसरी चाचणी त्याच शेततळ्यात झाली. फ्लेचर नौकांचा वेग सुमारे ३६ नॉट. १:१४४ च्या मॉडेलला शोभेल असा वेग काढायला त्याला बारानं भागायचं, कारण १४४ चं वर्गमूळ बारा. म्हणजे तीन नॉट, झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. मी रिमोट काकांच्या हातात दिला. हात थरथरत होते, तरी त्यांनी नौका बांधाला धरून चालवली आणि स्वतः तिच्या बरोबरीनं बांधावरून चालत गेले, चारही बाजू. दर दिवाळीनंतर ती शाफ्टचं ग्रीस बदलायला आमच्याकडे येते.