आमची वाटचाल : सात सुताची पिन

दुकानाच्या पाटीवर ‘जुनी ट्रॅक्टर अवजारे मिळतील’ असं लिहिलंय. खरं तर ‘ओळखून मिळतील’ असं हवं होतं, पण पेंटरने अक्षरामागे पैसे सांगितले आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक शब्द वाचवला. त्या एका शब्दातच आमचा सगळा धंदा आहे, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं.

आमची शेड सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीपासून सायकलीच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर वाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते म्हणून सुरुवातीला लोक तो नांगर हातात धरेनात, हे इथला प्रत्येक म्हातारा आपण स्वतः पाहिल्यासारखं सांगतो. त्यामुळे लोखंड, लेथ आणि फाळ ही आमच्याकडे नव्याने शिकायची गोष्ट नव्हती. आबा दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ चालवायचे. पुढे एक जुना सहा फुटी लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि आईच्या पाटल्यांवर काढलेलं कर्ज एवढ्यावर त्यांनी स्वतःची शेड टाकली. पहिली काही वर्षं मोगड्याचे फण, ट्रेलरचे हूक, फाळाला टोक लावणं हीच कामं. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. पोट चाललं.

मग तो करडा फर्ग्युसन आला.

आसपासच्या एका बागायतदाराच्या नातवाला आजोबांचा ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा होता. फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले. आजच्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर शिंगरू वाटावं एवढा लहान. पण मागे तीन ठिकाणी अवजार जोडायचं, लिफ्टने उचलायचं आणि फाळावर येणाऱ्या जोरावरून लिफ्टनेच खोली सांभाळायची, ही हॅरी फर्ग्युसनची युक्ती याच ट्रॅक्टरने जगभर नेली. आज कुठलाही ट्रॅक्टर घ्या, मागे तेच तीन बिंदू दिसतील.

इंजिन एका मिस्त्रीने चालू केलं होतं. आमच्याकडे आला तो नांगर. गोठ्यामागे शेणखताच्या उकिरड्यात अर्धा पुरलेला, दोन फाळांचा. घासून काढल्यावर पितळी पट्टी निघाली, तिच्यावर १०-एई-२८. त्यातला दहा म्हणजे एका तासाची, म्हणजे फाळामागे पडणाऱ्या चरीची, रुंदी दहा इंच, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला फक्त एवढंच दिसलं की, पुढची आडवी दांडी, जिच्या दोन टोकांना ट्रॅक्टरचे खालचे हात अडकतात, ती वाकडी आहे. टोकं मधल्या दांडीच्या रेषेत नाहीत. आबा म्हणाले, “कुणीतरी दगडात घातलाय.” मी भाता मारला, दांडी लाल केली, दोघांनी घण घालून ती ओळंब्यात सरळ केली. वरून रंगही दिला. आमच्या मते काम फक्कड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रानातून निरोप आला. नांगर चालतोय, पण पहिलं तास धड येत नाही. कधी अरुंद, कधी रुंद, आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढतोय. आम्ही जाऊन टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला जोड, कमी-जास्त केली, उजवा हात खाली-वर केला. काही उपयोग नाही. बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पूर्वी याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते म्हणे. ते उठून आले, दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मिस्त्री, ही दांडी सरळ का केलीसा? ती वाकडीच हुती की!”

ती दांडी कारखान्यातूनच वाकडी येते. ती जागच्या जागी फिरवली की नांगराचं तोंड किंचित डावीउजवीकडे वळतं आणि पहिल्या तासाची रुंदी बदलते. फिरवायची दांडीच आम्ही सरळ केल्यावर फिरवून तरी काय होणार! आबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, “ओळखल्याशिवाय तापवायचं नाही.” दुसरी दांडी मिळायला सात महिने गेले. मिळाली तीसुद्धा दुसऱ्या एका गावात, म्हशीच्या दावणीला खुंटा म्हणून ठोकलेली.

त्या सात महिन्यांत आमचा धंदा बदलला. दांडी शोधत गावोगाव हिंडताना काय काय दिसलं! तव्यांच्या कुळवाचा तवा रांजणावर झाकण म्हणून. नऊ फणांच्या फर्ग्युसन मोगड्याची चौकट कुंपणाच्या फाटकाला. या मोगड्याच्या प्रत्येक फणामागे स्प्रिंग असते, दगड लागला की फण मागे वळतो आणि मोडत नाही. लोकांनी स्प्रिंगा काढून झोपाळ्याला लावल्या होत्या. मालकांच्या लेखी हे सगळं भंगार. आणि भंगार शेवटी जातं कोल्हापूरला, शिरोलीच्या भट्ट्यांत. म्हणून आम्ही आठवड्यातून एक दिवस भंगारवाल्यांकडे फेरी सुरू केली. किलोमागे दोन रुपये जास्त द्यायचे आणि गाडी भरायच्या आधी ढीग बघू द्यायचा, एवढाच करार. तोंडी. आजही तोंडीच आहे.

ढीग बघायचा म्हणजे काय बघायचं? लोक रंग बघतात. लाल दिसलं की मॅसी, निळं दिसलं की फोर्ड. रंगावर जाऊ नका. विकायच्या आदल्या रात्री कुणीही डबा फोडतो. आम्ही पिनेचं भोक बघतो आणि ते सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लहान ट्रॅक्टरच्या, म्हणजे पहिल्या कॅटेगरीच्या अवजाराला खालच्या पिना सात सुताच्या आणि वरची, टॉप लिंकची, सहा सुताची. दुसऱ्या कॅटेगरीला खाली नऊ सूत आणि वर पुरा इंच. दोन खालच्या पिनांमधलं अंतर पहिल्या कॅटेगरीत साधारण सत्तावीस इंच, दुसऱ्यात साडेबत्तीस. ही तीन मापं जुळली की अवजार कुठल्या ट्रॅक्टरच्या अंगावर बसेल हे निम्मं कळलं. जुळली नाहीत तर मधे कुणाचा तरी हात लागलाय असं समजायचं. सात सुताचं भोक ड्रिल मारून नऊचं केलेले कितीतरी नांगर आमच्याकडे येतात. वास्तविक दहा मिनिटांत बुश बसतो. भोक मोठं करायची काही गरज नसते.

नट-बोल्टच्या आट्यांचंही तसंच. चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट घ्या. विलायती व्हिटवर्थ आट्यात इंचाला बारा आटे, अमेरिकी आट्यात तेरा. बाकीची बरीच मापं दोन्हीकडे सारख्याच आट्यांची, त्यामुळे माणूस गाफील राहतो आणि चार सुतावर फसतो. नट तीन फेरे गुमान जातो आणि मग अडतो. अशा वेळी पाना लांब करणारा मिस्त्री दिसला की आबा त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचे. आमच्याकडे आटे मोजायची पट्टी कायम खिशात असते. पण आट्यावरून अवजार कुठल्या देशाचं हे मी सांगत नाही. विलायतेत बनलेल्या मशिनवरही तेरा आटे सापडतात. आट्यावरून फक्त नट ठरवायचा.

ओतीव, म्हणजे बीड, की पोलाद याचा संशय आला तर ग्राइंडरला लावायचं. बिडाची ठिणगी आखूड, लालसर, जवळच विझते. पोलादाची लांब जाते आणि उजळ असते. बिडाच्या कानाला साधं वेल्डिंग मारून दिलं तर गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं, आणि येताना एकटं येत नाही, चार माणसं घेऊन येतं.

दुसरी मोठी चूक माझी, आबांची नव्हे. त्याच करड्या फर्ग्युसनला द्राक्षबागेत गवत कापायचा स्लॅशर जोडायचा होता. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागून अवजाराला इंजिनाची गती देणारा शाफ्ट, नऊ सुती, सहा दाती. आताची अवजारं अकरा सुती, सहा दाती. मी लेथवर आतून नऊ आणि बाहेरून अकरा अशी स्लीव्ह तयार केली, छान घट्ट बसली, स्लॅशर फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओळीच्या टोकाला मालकाने क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही! त्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधून निघतो. क्लच दाबला तरी पात्यांची गती उलट गिअरबॉक्समध्ये येते आणि चाकं पुढे ढकलते. सात-आठ फूट पुढे जाऊन ट्रॅक्टर बागेच्या शेवटच्या अँगलवर आदळला. माणसाला काही झालं नाही. दोन अँगल आणि तारेचा खर्च आम्ही भरला.

त्यावरचा उपाय जुनाच आहे, मला माहीत नव्हता एवढंच. एकाच दिशेला पकडणारा कपलर मधे घालायचा, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. आता जुन्या ट्रॅक्टरला स्लॅशर किंवा श्रेडर जोडायचा असेल तर या कपलरशिवाय आम्ही माल गाडीत चढवत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “कशाला वाढीव खर्च?” मी त्यांना अँगलची गोष्ट सांगतो. काही जण तरीही दुसरीकडे जातात. जाऊ देत.

याच ट्रॅक्टरचा आणखी एक नखरा. त्याचा लिफ्टचा पंप पीटीओवर चालतो. पीटीओचा दांडा बंद असला की लिफ्टही बंद. ‘लिफ्ट मेली’ म्हणून दोन तालुके ओलांडून आणलेला ट्रॅक्टर मी एकदा दांडा ओढून दोन सेकंदांत बरा केला. पैसे मागायला जीभ रेटली नाही. चहा मात्र त्यांच्याकडूनच घेतला.

आज शेडमध्ये आम्ही पाच जण आहोत. फर्ग्युसनपेक्षा काम जास्त येतं ते महिंद्राने साठच्या दशकापासून इथे बनवलेल्या इंटरनॅशनल बी-२७५ चं आणि एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला सुरू केलेल्या झेटर २५११ चं. आयशरचे जुने ट्रॅक्टरही येतात. निम्मे लोक शेतकरी, ज्यांना अजून त्याच ट्रॅक्टरवर भरणी करायची आहे. निम्मे हौशी, खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन-पुसून हार घालणारे. हौशी लोक घासाघीस कमी करतात पण प्रश्न फार विचारतात. मला ते चालतं.

आबांच्या वह्या तीन झाल्यात. प्रत्येक अवजाराचं पान, पिनेची मापं, आटे, कुठे सापडलं आणि शेवटी कुणाला दिलं. मुलगी ती मापं आता कॉम्प्युटरवर चढवते आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “आजोबांनी सुतात लिहिलंय, मी मिलिमीटर करू?” मी म्हटलं, दोन्ही ठेव. गिऱ्हाईक सुतात विचारतं आणि ड्रिलचे बिट मिलिमीटरमध्ये मिळतात.

कुणाला काही ओळखून हवं असेल तर फोटो पाठवताना शेजारी मोजपट्टी ठेवा. पाऊल किंवा पानाची डबी नको, पावलं प्रत्येकाची वेगळी असतात. पिनेच्या भोकाचा फोटो सरळ समोरून घ्या, कुठे अंक किंवा अक्षरं ओतलेली असतील तर त्यावर खडू घासून मग घ्या. अवजार घासू नका, रंगवू नका. आणि दांडी वाकडी दिसली तर कृपा करून तशीच आणा. अमावस्येला शेड बंद असते.